थोडी वाढलेली प्रोस्टेट आणि लक्ष ठेवण्याचे काम

साठीच्या आसपासच्या पुरुषाने कोणत्याही कारणासाठी पोटाची सोनोग्राफी करून घेतली, तरी अहवालाच्या शेवटी ‘प्रोस्टेट ग्रंथी किंचित वाढलेली’ असे वाक्य बहुधा असतेच. माझ्याही अहवालात ते आहे. डॉक्टरांनी लक्षणे विचारली, तपासणी केली आणि सांगितले, “सध्या औषधाची गरज नाही. लक्ष ठेवा आणि वर्षभराने दाखवायला या.” या सल्ल्याचा पूर्वार्ध ऐकून काही जण इतके सुखावतात की उत्तरार्ध त्यांच्या कानावरच पडत नाही, काही जण उत्तरार्ध एवढा मनावर घेतात की लघवीला जाणे हीच दिवसभराची चिंता होऊन बसते. माझ्या मनात मात्र वेगळाच प्रश्न आला, तो म्हणजे लक्ष नेमके कशावर ठेवायचे? ही ग्रंथी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि सहसा दुखतही नाही. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, त्यावरून माझे मत असे बनले आहे की सौम्य अवस्थेत लक्ष ठेवायचे ते मूत्राशयाच्या कामावर आणि स्वतःला होणाऱ्या त्रासावर. ग्रंथीचे वजन त्या मानाने गौण आहे.

तरुण पुरुषाची प्रोस्टेट साधारण २० ग्रॅमची असते. ती मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करते. चाळिशीनंतर तिचा मूत्रमार्गालगतचा भाग वाढू लागतो. या वाढीमागे पुरुष-संप्रेरकाचा हात असतो. ग्रंथीत टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी रूपात रूपांतर होते आणि त्याच्या प्रभावाखाली पेशी वाढत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पन्नाशीच्या दशकातील जवळपास निम्म्या पुरुषांमध्ये ही वाढ आढळते आणि ऐंशीच्या पुढे ती दहांतील आठ-नऊ जणांमध्ये असते. म्हणजे ही वाढ अपवादात्मक मुळीच नाही. तिचा त्रास सगळ्यांना होत नाही, हा यातला महत्त्वाचा भाग.

आकार आणि त्रास यांचे नाते सरळ नाही, हे मला फार उशिरा पटले. ८० ग्रॅमची ग्रंथी घेऊन निर्धास्त झोपणारे पुरुष असतात आणि ३० ग्रॅमच्या ग्रंथीने जेरीस आलेलेही असतात. वाढ बाहेरच्या दिशेने झाली की मूत्रमार्गावर दाब येतोच असे नाही. उलट लहानशी वाढ अगदी मूत्राशयाच्या तोंडाशी झाली तर अडथळा मोठा होतो. शिवाय ग्रंथीतील आणि मूत्राशयाच्या गळ्याशी असलेले अनैच्छिक स्नायू किती आवळलेले आहेत, यावरही लघवीची धार अवलंबून असते आणि तो ताण दिवसागणिक बदलतो. थंडीत, काळजीत किंवा सर्दीचे औषध घेतल्यावर धार बारीक होते, ती ग्रंथी एका रात्रीत वाढली म्हणून नव्हे.

या सगळ्याची किंमत मोजतो तो मूत्राशय. पुढे अडथळा आला की त्याच्या भिंतीतील स्नायू अधिक जोर लावतो. सुरुवातीला तो जाड होतो आणि काम निभावून नेतो, पण जाड झालेला मूत्राशय चिडचिडाही होतो. पुरता भरण्याआधीच आकुंचन पावू लागतो, आणि माणसाला एकाएकी घाई होते. पुढे फार वर्षांनी काही जणांमध्ये हाच स्नायू थकतो आणि लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. म्हणून लक्षणांचे दोन गट पडतात. धार सुरू व्हायला वेळ लागणे, धार बारीक असणे, मध्येच तुटणे, कुंथावे लागणे आणि शेवटी थेंब थेंब पडत राहणे ही अडथळ्याची लक्षणे. वारंवार जावे लागणे, घाई होणे आणि रात्री उठावे लागणे ही मूत्राशयाच्या चिडचिडीची लक्षणे. पहिल्या गटाची आपण चारचौघांत चेष्टा करतो, पण माणूस डॉक्टरांकडे जातो तो बहुधा दुसऱ्या गटामुळे, कारण झोप आणि प्रवास यांवर आघात होतो तो त्यानेच.

लक्षणांचे मोजमाप करण्यासाठी जगभर प्रामुख्याने एकच प्रश्नावली वापरली जाते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती १९९२ मध्ये तयार केली आणि पुढे ती आयपीएसएस, म्हणजे प्रोस्टेटच्या लक्षणांची आंतरराष्ट्रीय गुणपट्टी, या नावाने रूढ झाली. गेल्या महिनाभरात लघवी पूर्ण झाली नाही असे किती वेळा वाटले, दोन तासांच्या आत पुन्हा किती वेळा जावे लागले, धार किती वेळा तुटली, थोपवणे किती वेळा अवघड गेले, धार किती वेळा बारीक होती, जोर किती वेळा लावावा लागला आणि रात्री झोपेतून किती वेळा उठावे लागले, असे सात प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत आली तर लक्षणे सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम आणि वीस ते पस्तीस तीव्र समजतात.

या सातांपेक्षा मला आठवा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. तो बेरजेत धरत नाहीत. आज जशी स्थिती आहे तशीच ती आयुष्यभर राहिली तर तुम्हाला कसे वाटेल, एवढेच तो विचारतो, आणि उत्तर ‘आनंदाने राहीन’ यासाठीच्या शून्यापासून ‘असह्य होईल’ यासाठीच्या सहापर्यंत द्यायचे असते. सौम्य वाढ असलेल्या माणसाच्या उपचाराचा निर्णय खरे तर याच उत्तरावर ठरतो. बेरीज सहा असूनही एखादा माणूस हैराण असू शकतो, कारण त्याचे काम तासन्तास उभे राहून शिकवण्याचे किंवा गाडी चालवण्याचे असते. बेरीज बारा असूनही दुसरा निवांत असतो. सात प्रश्न मूत्राशयाला विचारलेले आहेत, आठवा माणसाला.

प्रश्नावली भरताना एक पथ्य पाळावे लागते. काल रात्री चार वेळा उठलो म्हणून आज सकाळी तावातावाने ती भरायला बसू नये; विचारलेला काळ महिन्याचा आहे आणि उत्तरही महिन्याचेच द्यावे. एक-दोन गुणांचा फरक हा फरक नव्हे. साधारण तीन गुणांनी बेरीज हलली तरच माणसाला स्वतःला बदल जाणवतो, असे ही प्रश्नावली वापरून झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून मी ती सहा महिन्यांनी एकदा भरतो आणि मधल्या काळात तिच्याकडे पाहत नाही. दर आठवड्याला भरली तर बेरजेपेक्षा मनःस्थितीचीच नोंद अधिक होईल.

खरी माहिती देणारे साधन मात्र याहूनही साधे आहे, ते म्हणजे खुणा केलेले एक भांडे आणि एक वही. लागोपाठ तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजायची, वेळ लिहायची, केव्हा काय किती प्यायलो ते लिहायचे, आणि झोपण्याची व उठण्याची वेळ नोंदवायची. हे करायला सांगितले की बहुतेक पुरुष ओशाळतात, आणि घरात हे भांडे कोठे ठेवायचे हा प्रश्न तर युरोलॉजीच्या कोणत्याही पुस्तकात सुटलेला नाही. पण तीन दिवसांच्या या नोंदीतून जे कळते ते महागड्या तपासणीतूनही कळत नाही.

समजा, दोन पुरुष रात्री तीन-तीन वेळा उठतात. पहिल्याच्या वहीत रात्रीचे आकडे १०० मिली, ९० मिली, ११० मिली असे आहेत आणि दिवसाचे आकडेही त्याच सुमाराचे आहेत. त्याचा मूत्राशय थोडी लघवी साठताच रिकामा व्हायला पाहतो. येथे अडथळा, चिडलेला मूत्राशय किंवा मागे उरणारी लघवी यांचा विचार करावा लागतो. दुसऱ्याच्या वहीत दिवसाला एकूण १८०० मिली लघवी आहे आणि त्यातील रात्रीची, सकाळच्या पहिल्या वेळेसह, ७०० मिली आहे, म्हणजे जवळपास ३९ टक्के. साठीपुढच्या माणसात हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक असेल तर मूत्रपिंडे रात्री जास्त लघवी तयार करीत आहेत असे समजतात. या दुसऱ्या माणसाचा मूत्राशय आपले काम चोख करतो आहे. त्याच्या उठण्याचे कारण प्रोस्टेटमध्ये शोधून काही सापडणार नाही. ते पायांवरील सुजेत असू शकते, कारण दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि लघवीवाटे बाहेर पडते. ते हृदयाच्या दुर्बलतेत असू शकते, झोपेत श्वास अडकण्याच्या विकारात असू शकते, किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेण्यात असू शकते. आणि एखाद्याच्या वहीत चोवीस तासांची बेरीजच तीन लिटरच्या वर गेली, तर आधी तो किती पाणी पितो ते पाहावे आणि रक्तातील साखर तपासावी. या तिन्ही माणसांची तक्रार एकाच शब्दांत मांडली जाते आणि तिघांनाही प्रोस्टेटची गोळी मिळण्याची शक्यता असते. त्यांपैकी दोघांना तिचा उपयोग होणार नाही. या एका कारणासाठी मी वहीला सगळ्या तपासण्यांच्या वर ठेवतो.

रात्रीच्या उठण्याबद्दल आणखी एक बारकावा आहे. लघवीमुळे जाग येते की जाग आल्यामुळे लघवी आठवते, हे वहीत लिहून ठेवले पाहिजे. वयानुसार झोप उथळ होते, दुसऱ्याच कारणाने डोळे उघडतात, आणि उठलोच आहोत तर जाऊन यावे असे वाटते. असे उठणे प्रोस्टेटच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही.

तपासण्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर लघवीची साधी तपासणी जंतुसंसर्ग आणि रक्त यांसाठी, साखरेची तपासणी, आणि गरज वाटल्यास मूत्रपिंडाच्या कार्याची रक्ततपासणी एवढ्याने सुरुवात होते. गुदद्वारातून बोटाने केली जाणारी तपासणी काही सेकंदांची असते आणि तिच्याविषयीचा संकोच तिच्या कालावधीपेक्षा फारच मोठा असतो. धारेचा वेग मोजण्याच्या यंत्रात लघवी करायची असते. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलीहून जास्त असेल तर सहसा काळजी नसते, १० मिलीहून कमी असेल तर अडथळ्याची शंका घेतात. मात्र एकूण लघवी निदान १५० मिली झाली नाही तर त्या आलेखाला अर्थ नसतो. त्यानंतर लगेच सोनोग्राफीने मागे किती लघवी उरली ते पाहतात. ५० मिलीच्या आत असेल तर मूत्राशय नीट रिकामा होतो आहे. तपासणीआधी तासन्तास पाणी पीत बसवून मूत्राशय तट्ट फुगवलेला असेल, तर उरलेली लघवी नेहमीपेक्षा जास्त दिसते. त्यामुळे एकाच मोठ्या आकड्याने घाबरून न जाता साध्या परिस्थितीत पुन्हा मोजून घेणे शहाणपणाचे.

पीएसए या रक्ततपासणीभोवती मात्र भीतीचे मोठे वलय आहे. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे एक प्रथिन आहे आणि निरोगी प्रोस्टेटही ते तयार करते. ग्रंथी वाढली की ते वाढते, जंतुसंसर्गात ते खूप वाढते, आणि वीर्यपतन किंवा लांबची सायकलफेरी यांनंतरही दोन दिवस थोडे वर राहू शकते. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा वर्षानुवर्षे तो कसा सरकतो हे पाहण्याला अधिक अर्थ आहे. साधी वाढ पुढे कर्करोगात बदलत नाही. साधी वाढ मूत्रमार्गालगतच्या भागात होते, तर कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. परंतु दोन्ही एकाच वयात आढळतात आणि एकाच माणसात असू शकतात. शिवाय सुरुवातीच्या कर्करोगाची लक्षणे सहसा नसतात. त्यामुळे धार उत्तम आहे म्हणून कर्करोग नाही आणि धार बारीक आहे म्हणून तो आहे, हे दोन्ही निष्कर्ष सारखेच निराधार ठरतात. पीएसए करावी की नाही, हे वय, घराण्यातील इतिहास आणि आकडा वर आल्यास पुढे काय करायची तयारी आहे, याविषयी डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

आता रोजच्या वागण्याविषयी. सवयी बदलण्याचा सल्ला डॉक्टर तोंडी आणि घाईत देतात, म्हणून तो आपल्याला किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात २००७ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात १४० पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या देखरेखीबरोबर अशा सवयींचे पद्धतशीर शिक्षण दिले गेले. तीन महिन्यांनंतर प्रकृती बिघडून उपचार वाढवावे लागण्यासारखी स्थिती शिक्षण मिळालेल्यांपैकी १० टक्के पुरुषांत आली आणि इतरांपैकी ४२ टक्क्यांत. एवढा फरक पडला तो काही गोष्टी नीट शिकवल्यामुळे.

त्यांपैकी मला सर्वांत उपयोगी पडली ती पाण्याची फेरमांडणी. पाणी कमी करायचे नाही. फार कमी प्यायल्याने लघवी दाट होते आणि मूत्राशयाला अधिकच टोचते, शिवाय बद्धकोष्ठ होते ते वेगळे. दिवसाचे दीड-दोन लिटर सकाळ-दुपारकडे सरकवायचे आणि झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास जवळपास कोरडे ठेवायचे. चहा-कॉफीतील कॅफिन आणि मद्य लघवीचे प्रमाण वाढवतात आणि मूत्राशयाची घाईही वाढवतात, म्हणून संध्याकाळनंतर ते टाळायचे. पायांवर सूज असेल तर दुपारनंतर काही वेळ पाय उंच ठेवून पडावे, म्हणजे ते पाणी झोपेच्या आधीच बाहेर पडते. लघवी वाढवणारी गोळी घेण्याची वेळ बदलायची असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

लघवी झाल्यावर लगेच न निघता थोडे थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करणे, बसून लघवी करणे, आणि शेवटचे थेंब कपड्यावर पडत असतील तर वृषणाच्या मागच्या बाजूने मूत्रमार्गावर बोटांनी हलका दाब देत पुढे सरकवणे, या युक्त्या सांगायला अवघड आणि करायला सोप्या आहेत. याउलट ‘घराबाहेर पडायचे आहे, जाऊन येऊ’ अशी खबरदारीची लघवी वारंवार केली की मूत्राशय थोड्या साठ्यालाच सरावतो. घाई झाल्यावर धावत न सुटता जागीच थांबायचे, मन दुसरीकडे वळवायचे, घाईची लाट ओसरू द्यायची आणि मग शांतपणे जायचे. हे अंतर आठवड्या-आठवड्याने थोडे वाढवत नेले तर साठवण्याची क्षमता सुधारते. मात्र मागे बरीच लघवी उरत असेल तर रोखून धरण्याचा हा सराव करू नये.

सर्दीच्या गोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन प्रोस्टेटचे स्नायू आवळते आणि झोप आणणारी जुनी ॲलर्जीची औषधे मूत्राशयाचा जोर कमी करतात. काही गोळ्यांत दोन्ही एकत्र असतात. सौम्य लक्षणे असलेल्या माणसाची लघवी एकाएकी तुंबण्यामागे अशी साधी गोळी असू शकते. काही वेदनाशामके आणि नैराश्यावरील काही जुनी औषधे यांबाबतही हीच सावधगिरी हवी.

वनस्पतिजन्य गोळ्यांविषयी मित्रमंडळींत मोठा उत्साह असतो. सॉ पाल्मेटो या वनस्पतीचा अर्क त्यांत सर्वांत प्रसिद्ध. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत तो बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरला नाही, आणि २०११ मधील दुसऱ्या चाचणीत नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत देऊनही निष्कर्ष तोच आला. तरीही ‘मला गुण आला’ असे सांगणारे मित्र खोटे बोलत नसतात. सौम्य लक्षणे मुळातच कमी-जास्त होत राहतात, माणूस गोळी सुरू करतो ती त्रास वाढलेला असताना, आणि त्यानंतरचा उतार गोळीच्या नावावर जमा होतो. या विकारात बिनऔषधी गोळीनेही बऱ्याच जणांना बरे वाटते. गोळी घेणाऱ्याशी मी वाद घालत नाही; तिच्या भरवशावर तपासणी टाळू नका, एवढेच सांगतो.

थांबण्यात धोका किती, हे विचारणे रास्त आहे. मध्यम ते तीव्र लक्षणांच्या ३०४७ पुरुषांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत बिनऔषधी गोळी घेणाऱ्या गटापैकी चार वर्षांत सुमारे १७ टक्के पुरुषांची स्थिती बिघडली, आणि बिघाड म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत लक्षणांची बेरीज वाढणे होते. त्याच चाचणीत स्नायू सैल करणारे आणि ग्रंथी आकसवणारे अशी दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत हा धोका दोन तृतीयांशांनी कमी झाला. मला यातून दुहेरी दिलासा मिळतो. बरीच लक्षणे असूनही औषधाविना बहुतेकांचे निभावले, आणि पुढे गरज पडली तर औषधे खरोखर काम करतात. त्यांचे तोटेही आधी ठाऊक असावेत. पहिल्या प्रकारच्या औषधाने उठताना चक्कर येऊ शकते, वीर्य उलट दिशेने मूत्राशयात जाऊ शकते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याची बाहुली नीट विस्फारत नाही, म्हणून ते घेत असल्याचे, किंवा पूर्वी घेतल्याचेही, नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. दुसऱ्या प्रकारच्या औषधाला सहा महिने द्यावे लागतात, काहींची कामेच्छा त्याने मंदावते आणि पीएसएचा आकडा साधारण निम्मा होतो, तेव्हा तो वाचताना दुप्पट धरावा लागतो.

काही प्रसंगी मात्र वर्षभराची मुदत संपायची वाट पाहायची नसते. मूत्राशय भरलेला असून लघवी अजिबात होत नसेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढणारी नळी, घातल्यावर मिळणारा आराम तत्काळ असतो. लघवीत रक्त दिसणे, लघवीच्या जळजळीबरोबर थंडी वाजून ताप येणे, वारंवार संसर्ग होणे, आणि लघवी सतत नकळत झिरपत राहणे, विशेषतः ओटीपोट फुगलेले असताना, ही देखील त्वरित दाखवण्याची कारणे आहेत.

मागच्या भेटीत मी डॉक्टरांना माझ्या अटी सांगितल्या. आठव्या प्रश्नाचे माझे उत्तर तीनच्या पुढे गेले, बेरीज मध्यम गटात जाऊन तेथे स्थिरावली, किंवा मागे उरणारी लघवी वाढली, तर मी गोळी सुरू करीन. त्यांनी पहिल्या दोन अटी मान्य केल्या. तिसरीत दुरुस्ती केली, “एका मोजणीवर नाही. दोनदा मोजू, आणि दुसऱ्या वेळी तुम्हाला पाणी प्यायला न लावता.” मग वहीची मागची पाने चाळून त्यांनी रात्रीच्या आकड्यांखाली रेघ मारली आणि माझ्या पायांचे घोटे दाबून पाहिले.